अठ्ठेचाळीसचे पंचेचाळीस

आमच्या घरमालकांच्या घरात 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. परभणीत कृषी विद्यापीठात नोकरीला लागून मी त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला हे कळलं. संध्याकाळी किती वाजता येत जाल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अंदाजे साडेसहाला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "अंदाजे साडेसहा म्हणजे किती वाजता?" मला वाटलं, म्हातारा खडूस आहे, इथं आपलं महिनाभर काही निभायचं नाही. निभलं असं, की बदली होईपर्यंत सहा वर्षं मी तिथून हलले नाही.

मी त्यांना काका म्हणायचे, गल्ली त्यांना सर म्हणायची. सर ते कधीच नव्हते. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी अटेंडंट म्हणून उभी हयात काढली. "मी सर न्हाई बरं का, सरांच्या बाटल्या धुणारा," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि तो माणूस पुढच्याच वाक्यात "हाव सर" म्हणे. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं शाल आणि नारळ पुढे केला, तर यांनी नारळ घेतला, शाल परत दिली आणि तिच्याऐवजी काठाचा टवका उडालेलं काचेचं एक मोजपात्र मागून आणलं. लांब, निमुळतं, अंगावर रेघा असलेलं. काकूंनी ते देवघरात ठेवू दिलं नाही म्हणून ते देवघराच्या वरच्या फळीवर गेलं. "देवापेक्षा उंच बसवलंय बघ," असं काकू मला पहिल्या आठवड्यातच कानात सांगून मोकळ्या झाल्या.

काकूंचा सगळा संसार मात्र अंदाजावर. वरणात मीठ अंदाजे, धपाट्याच्या पिठात तिखट अंदाजे, शेजारणीच्या मुलीचं लग्न कधी जमेल तेही अंदाजे, आणि बहुतेक वेळा बरोबर. काकांनी एकदा काकूंच्या चिमटीत किती मीठ बसतं ते सलग दहा दिवस मोजलं. दहाही दिवस वजन वेगळं भरलं आणि दहाही दिवस वरण चांगलं झालं. हा प्रयोग त्यांनी अर्धवट सोडला. त्यावर बोललेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून मी हटकून बोलायचे.

पण काकांचा खरा जीव स्कूटरमध्ये. बारा वर्षं जुनी, राखाडी रंगाची, कार्बोरेटरची स्कूटर. लोक गाडी पुसतात, हार घालतात. हे तिचं ॲव्हरेज मोजायचे. दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला ठरलेल्या पंपावर, ठरलेल्या मशीनपुढे, ठरलेल्या फरशीवर गाडी मेन स्टँडला लावायची. टाकीच्या तोंडाशी वाकून, एक डोळा मिटून बसायचं. पेट्रोल गळ्यातल्या आतल्या कडीला टेकलं की हात वर करायचा. मग गाडी तीनदा हलवायची, बुडबुडे निघू द्यायचे, वाट बघायची आणि उरलेली जागा पुन्हा भरायची. पंपावरच्या ताई आधी चिडायच्या, मग हसायच्या, आणि मी परभणीत आले तोवर त्यांनीही नाद सोडून दिला होता. मागं रांग लागलेली असायची, हॉर्न वाजायचे, आणि काका एका हातानं सगळ्यांना थांबवून म्हणायचे, "फेस बसू द्या."

तिथून येलदरीच्या धरणापर्यंत जायचं आणि यायचं. धरण बघायला नव्हे, गाडीला मोजायला. तिथं दहा मिनिटं बसायचं, इंजिन निवू द्यायचं, परत फिरायचं. वेग एकच. पायाशी ज्वारीची एक पिशवी, कायम तेवढ्याच वजनाची. निघण्याआधी स्वतःचं वजन करायचं. सणावारी जेवण जड झालं असेल तर ज्वारी तेवढी कमी करायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. परत येऊन त्याच पंपावर पुन्हा टाकी भरायची आणि जो आकडा येईल तो जिन्याखालच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचा. दार वरपासून खालपर्यंत आकड्यांनी भरलेलं. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, कधी साडेसत्तेचाळीस, पुन्हा अठ्ठेचाळीस. हे दार कुणी पुसायचं नाही, असा घराचा कायदा होता.

काकूंना येलदरी बघायचं होतं. कितीदा म्हणाल्या, मला एकदा मागं बसवून न्या. काकांचं उत्तर ठरलेलं, की तुझ्यानं आकडा बिघडेल, तुला बसनं नेतो. बसनं त्यांनी कधी नेलं नाही. "चाळीस वर्षं संसाराचं वजन उचललं, ते चाललं. माझं वजन गाडीला चालत न्हाई," असं काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, आणि त्यात राग कमी, मजाच जास्त असायची.

माझी गाडीही सुटली नाही. मी आले त्या पहिल्याच महिन्यात काका म्हणाले, मॅडम, दोन दिवस गाडी द्या, आवाज बरोबर वाटेना. मॅडम म्हणजे मी. विद्यापीठात आहे म्हणून त्यांनी मला शेवटपर्यंत मॅडमच म्हटलं. गाडी नवी होती, आवाज अगदी ठणठणीत होता. त्यांनी ती येलदरीला फिरवून आणली आणि दाराच्या अगदी खालच्या कोपऱ्यात 'मॅडम – बावन्न' असं लिहून ठेवलं. मला राग आला होता. परक्या बाईच्या गाडीचं ॲव्हरेज काढणारा माणूस कुठं बघितलाय का तुम्ही? पण पुढं त्या एका ओळीनं एका माणसाचं नाव वाचवलं.

तो माणूस म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री. कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड, दोन स्टुलं, आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्यांचा जिम्मा त्यांच्याकडं. काकांची आणि त्यांची पंचवीस वर्षांची दोस्ती. रोज सकाळी आठला काका तिथं चहा प्यायला जायचे. मिस्त्री कमी बोलायचे आणि काका जास्त, त्यामुळं दोघांचं छान जमायचं. काकांच्या स्कूटरला मिस्त्रींशिवाय कुणी हात लावलेला नव्हता.

एका उन्हाळ्यात मिस्त्रींनी तिचा कार्बोरेटर साफ करून दिला आणि त्यानंतरच्या रविवारी काका येलदरीहून परतले ते तोंड पाडून. दारावर लिहिलं, पंचेचाळीस. पंधरा दिवसांनी पुन्हा पंचेचाळीस. टायरची हवा बघितली, वारा कुठून होता ते बघितलं, ज्वारी मोजली, स्वतःला मोजलं. तिसऱ्यांदा पंचेचाळीसच. त्या रात्री ते जेवले नाहीत. तीन किलोमीटरसाठी माणूस उपाशी झोपतो, हे बघून मला हसू आलं होतं. सकाळी काय होणार ते कळलं असतं तर हसले नसते.

सकाळी ते मिस्त्रींच्या शेडपुढं गेले. मी ऑफिसला निघाले होते, गाडीत हवा भरून घ्यायला तिथंच थांबलेले. चार-पाच गिऱ्हाईकं बसलेली. काकांनी आवाज चढवला नाही, तेच वाईट. सगळ्यांसमोर सरळ म्हणाले, "साफ करताना तू माझ्या गाडीचा जेट काढून घेतलास आणि हलका टाकलास. अठ्ठेचाळीसचे पंचेचाळीस झाले. आकडा खोटं बोलत न्हाई."

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा इवलासा पितळी तुकडा. तो चोरला म्हणणं म्हणजे मिस्त्रीला चोर म्हणणं. मिस्त्री स्टुलावरून उठले. त्यांनी हात पुसले, स्कूटरची सीट पुसली, किल्ली काकांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "सर, शक आला की गाडी दुरुस्त होत न्हाई. दुसरीकडं दाखवा." आणि खाली बसून पुन्हा कामाला लागले.

आता बघा, काकांचा शब्द गल्लीत असा, की सरांनी मोजलं म्हणजे झालं. बँकेतले जोशी असोत की दूधवाले, सगळे हळूहळू दुसऱ्या गॅरेजला जायला लागले. सगळ्यांनाच वाटत होतं की गाडी आजकाल जास्त पिते. आता कुणाकडं बोट दाखवायचं ते मिळालं. मिस्त्रींच्या शेडपुढं नेहमी सात-आठ गाड्या दिसायच्या, तिथं दोन दिसू लागल्या, मग एक. मिस्त्री निंबाखाली रिकामे बसलेले मी याच काळात पहिल्यांदा बघितले. फार वाईट वाटायचं, आणि तरी मी गप्प होते, कारण काकांचा आकडा कधी चुकत नाही हे मलाही माहीत होतं.

काका तर कोपऱ्यावरून जाईनासेच झाले. मागच्या गल्लीनं वळसा घालायचे आणि त्या वळशाचे मीटरसुद्धा वजा करून हिशोब धरायचे. आठचा चहा घरी प्यायला लागले. काकूंच्या हातचा चहा तो, उत्तमच असणार, पण कप अर्धा ठेवून उठायचे. काकू एकदाच बोलल्या, तेही भांडी घासताना, त्यांच्याकडं न बघता. "आकडा खरा असंल हो तुमचा. पण मानूस बी खरा असतो की." काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नव्या गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर दोनदा खोलला, नवा जेट बसवला. दारावर पंचेचाळीस. असे चार महिने गेले. एका संध्याकाळी मी खाली जेवायला होते आणि काका तेच पुराण लावून बसलेले. दिवसभर शेतात प्रयोगाच्या वाफ्यांवर उभी राहून माझं डोकं तापलेलं, मी वैतागून म्हणाले, "काका, आमच्याकडं एका वाफ्यात खत टाकलं, तर शेजारी एक वाफा बिनखताचा ठेवतेत. कंट्रोल म्हणतेत त्याला. तो नसला तर आमचे साहेब कागद फेकून देतेत. तुमचा बिनमिस्त्रीचा वाफा कुठंय?"

मी चिडून बोलले होते, शिकवायला नव्हे. पण काकांचा घास हातातच राहिला. ते उठले, दिवा लावून जिन्याखाली गेले आणि दाराच्या खालच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले. मॅडम – बावन्न. माझ्या गाडीला मिस्त्रींनी हवेपलीकडं कधी हात लावला नव्हता. ती कंपनीच्या दुकानातच जायची. "मॅडम," काका हळूच म्हणाले, "रविवारी गाडी लागंल."

रविवारी माझी गाडी, तीच ज्वारी, तोच रस्ता. दुपारी ते आले आणि जिन्यावरच बसले. एकोणपन्नास. माझ्या गाडीचेही तीन गेले होते. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ते पंपावर नेहमीसारखे वाकायला गेले, तर माझ्या गाडीच्या टाकीचं तोंड सीटखाली नसून पुढच्या बाजूला, म्हणून वाकताना मान वर करावी लागली. मान वर केली तर समोर मशीनवर पाटी. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. पाटी जुनी होती, कोपरे उन्हानं उडालेले. काका इतके महिने तिच्यासमोर वाकत होते, डोळा टाकीच्या गळ्यात.

मला हसावं की रडावं कळेना. इथेनॉलचं त्यांनी पेपरात वाचलं होतं, मी विद्यापीठात रोज ऐकत होते; उसाचं, मक्याचं काय काय होतं ही तर आमच्या चहावरची चर्चा. पण ते कुठंतरी मोठ्या शहरांत, नव्या मोटारींत असंल, आपल्या परभणीतल्या राखाडी स्कूटरमध्ये कशाला, असं त्यांनी धरलं होतं. अंदाजे. काकांनी आयुष्यात केलेला हा बहुधा एकच अंदाज.

पेट्रोलवर मात्र ते रागावले नाहीत. मलाच समजावत बसले, की इथेनॉल जळतं स्वच्छ, पण तेवढ्याच मापात उष्णता कमी देतं. शेतात जाताना टोपलं भरलेलंच दिसतं, पण त्यात चार भाकरी कमी आणि मुरमुरे जास्त, मग दुपारी भूक लागणारच. उसाला, मक्याला गिऱ्हाईक मिळतंय तर मिळू द्या, म्हणाले. लोकांना सांगायला पाहिजे होतं, असं मी म्हणाले, तर मान हलवली. "सांगितलं होतं की. पाटी लावली होती. मीच वाचली न्हाई."

आता मिस्त्रींकडं जायचं होतं, आणि तिथं काकांचं पाऊल अडलं. शुक्रवारी दुपारी जाऊन आले आणि शेड बंद होतं म्हणून सांगू लागले. काकू हसल्या. "पंचवीस वर्षं झाली, जुम्म्याला दुपारी ते दुकान बंद करतेत. तुमाला आजच कळालं व्हय?" काका ओशाळले. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी आंघोळ करून त्यांनी फळीवरचं मोजपात्र उतरवलं, स्वच्छ धुतलं, एका बाटलीत पेट्रोल, एका बाटलीत पाणी घेतलं, खिशात निळ्या शाईची दौत. मला म्हणाले, मॅडम, साक्षीला चला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. असल्या कामाला रजा नाही टाकायची तर कशाला टाकायची?

दहाची वेळ होती. मिस्त्री एका मोटारसायकलीची चेन बसवत होते. त्यांनी मान वर केली, काकांना बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तीन-चार माणसं चहा पीत उभी होती. काका म्हणाले, "मिस्त्री, मी त्या दिवशी चार माणसांत बोललो. म्हणून आज बी चार माणसांत बोलायलोय." मग उभ्या असलेल्यांना बिड्या विझवायला लावल्या. प्रयोग करतानाची ती आवाजातली जरब मी पहिल्यांदाच ऐकली. सर का म्हणायचे ते कळलं.

मोजपात्रात दहाच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं, शाईचा थेंब टाकला. त्यावर पन्नास माप पेट्रोल. तोंडावर बूच दाबून हलवलं, बूच सैल केलं, पुन्हा हलवलं आणि स्टुलावर ठेवलं. "फेस बसू द्या," ते म्हणाले, आणि सगळे मोजपात्राशी वाकले. हळूहळू खाली निळं आणि वर पिवळं वेगळं झालं. निळं दहावर राहिलं नव्हतं, जवळजवळ विसाच्या रेघेला जाऊन टेकलं होतं.

"पाणी मी दहाच टाकलं," काका म्हणाले. "वरचं दहा पेट्रोलातून आलं. ते इथेनॉल, पाण्यात उतरलेलं. गाडी त्यानं तीन किलोमीटर कमी पळायलीय, मॅडमची बी, माझी बी. आकडा माझा खरा होता, मिस्त्री. बोट चुकलं. तुझ्यावर दाखवलं. माझं चुकलं."

मिस्त्रींनी चेन बसवून संपवली. मग हात पुसत उठले आणि मोजपात्राकडं नीट बघितलं. म्हणाले, "सर, हे मला पहिल्याच महिन्यात ठाऊक झालं होतं. रोज दहा जण यायचे, दहाही जणांचं रडगाणं एकच."

"मग मला सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी सांगितलं."

 मी तरी काय मोठी शहाणी, चार महिने रोज त्या शेडवरून जात होते आणि एकदाही थांबून विचारलं नव्हतं. काका दौतीचं झाकण लावत, काढत, पुन्हा लावत राहिले. शेवटी मिस्त्रींनीच हात पुढं केला. किल्ली मागत होते. काकांनी खिसे चाचपले. दोन बाटल्या धरायच्या म्हणून ते पायीच आले होते. ते घराकडं असे निघाले, की सत्तरीचा माणूस पळतोय म्हणून गल्ली दारात आली. स्कूटर आली. मिस्त्रींनी गॅरेजवाल्याचा जेट काढला, कप्प्यातून एक कागदाची पुडी काढली. काकांनी नव्या गॅरेजात सोडून दिलेला जुना जेट मिस्त्री जाऊन मागून घेऊन आले होते आणि जपून ठेवला होता. म्हणाले, "बघून घ्या सर, कंपनीचाच हाय. नंबर हाय त्याच्यावर."

ज्या माणसानं काकूंची चिमूट दहा दिवस मोजली, त्यानं तो तुकडा हातात घेतला नाही. "बसव," म्हणाला. "मला बघायचं न्हाई."

महिन्याभरात निंबाखाली पुन्हा सात-आठ गाड्या दिसायला लागल्या. ॲव्हरेजची तक्रार घेऊन कुणी आला की मिस्त्री त्याला सरळ काकांकडं पाठवायचे, आणि काका मोजपात्र काढायचे.

आणि त्या सोमवारनंतरचा रविवार. काका ज्वारीची पिशवी लावून निघाले, कोपऱ्यावर मिस्त्री उभे होते. काकांनी गाडी थांबवली, पिशवी शेडमध्ये ठेवली आणि मिस्त्रींना मागं बसवून येलदरीला गेले. दहा मिनिटांच्या जागी दोघं तिथं दोन तास बसले. मिस्त्रींनी तळलेले मासे खाल्ले, काका मासळीचा वास नको म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकून बोलत राहिले. परतताना पंपावरही बोलणं चालूच. ताईंनी टाकी भरली, झाकण लावलं, आणि काका वाकायचेच विसरले.

दुपारी काकूंनी मला खालून हाका मारल्या. "अगं ये माय, ये लवकर. बघ तरी काय लिव्हलंय." मी धावत जिन्याखाली गेले. दारावर ताज्या खडूनं एक ओळ होती.

अंदाजे पंचेचाळीस.

मी काकांकडं बघितलं. ते पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते, पण ओठांचे कोपरे हलत होते. काकूंनी कमरेला पदर खोचला, दारापुढं उभ्या राहून ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाल्या, "झालं तर मग. पुढच्या रविवारी मी बसणार. आता काय, अंदाजेच तर हाय."